दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘नॉशिया’ लिहिले आहे, म्हणजे उलटीच का?

नाही, नॉशिया म्हणजे मळमळ, अर्थात उलटी होईल असे वाटणे. प्रत्यक्ष उलटीसाठी इंग्रजीत ‘व्हॉमिटिंग’ हा वेगळा शब्द असल्याने डॉक्टर या दोन तक्रारी स्वतंत्रपणे नोंदवतात. ‘नॉशिया’ शब्दाचे मूळ जहाज या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे आणि तो आधी बोट लागण्याबद्दल वापरला जाई. एसटीच्या प्रवासात गाडी लागते तेव्हाची भावनाही हीच. बोलताना ‘आय फील नॉशियस’ हा प्रयोग सर्रास चालतो. काटेकोर लिहिणारे मात्र स्वतःविषयी ‘नॉशिएटेड’ म्हणतात आणि ‘नॉशियस’ हा शब्द मळमळ आणणाऱ्या वस्तूसाठी राखून ठेवतात, जरी हा आग्रह आता अनावश्यक वाटतो. आपल्या विदर्भात ‘कसंतरी होऊन राह्यलं’ या एका वाक्यात चक्कर, घाबरल्यासारखे होणे, मळमळ असे सगळेच येते, त्यामुळे डॉक्टरांना नेमके काय होते ते सांगावे. एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे: कपाशीवर फवारणी केल्यानंतर मळमळ सुरू झाली, तर ते विषबाधेचे लक्षण असू शकते (२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले होते); तेव्हा पित्ताची गोळी घेऊन वाट न पाहता कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबलसह तातडीने रुग्णालयात जावे.