सकाळी आठला नारिता, खोली तीनला

जपानला जोडीने निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. क्योतो, हिरोशिमा, फुजी सगळं ठरलेलं असतं, पण पहिल्या दिवसाची गोची प्रत्येकाचीच. म्हणून आज फक्त टोकियोतला पहिला दिवस.

प्रश्न : लग्नानंतरची पहिलीच परदेशवारी. विमान सकाळी आठला नारिताला उतरतं, खोली दुपारी तीनला मिळणार. यांनी त्याच दिवशी शिबुया, टोकियो टॉवर आणि रात्री शिंजुकू ठरवलंय. जमेल का? (नाशिक)

जमेल. शिंजुकूत तुमचं पहिलं भांडणही होईल. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे आठ वाजतात तेव्हा तुमच्या अंगात पहाटेचे साडेचार असतात, आणि रात्र विमानात बसून काढलेली. पासपोर्टची रांग, बॅगा, कस्टम्स यात तास-दीड तास जातो. (व्हिजिट जपान वेब या जपान सरकारच्या संकेतस्थळावर घरूनच माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवा.) विमानतळ शहरापासून साधारण ६० किलोमीटर. शहरात पाय ठेवेपर्यंत अकरा वाजले समजा.

मी असतो तर केइसेई कंपनीची स्कायलायनर ही रेल्वे पकडून थेट उएनोला उतरलो असतो. हॉटेलही त्याच भागात घेतलं असतं. खोली तीनला मिळाली तरी बॅगा काउंटरवर आधीच ठेवून घेतात. मग रिकाम्या हातांनी उएनो पार्क. तिथल्या शिनोबाझु तळ्यात बेटावर बेंझाइतेनचं देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली. वीणेच्या जागी हातात बिवा नावाचं वाद्य. जुलै-ऑगस्टात गेलात तर तळं कमळांनी भरलेलं असतं. काठावर बाक आहेत. तासभर नुसतं बसा. फोटो काढायला अख्खा आठवडा पडलाय.

तीनला खोलीत अंघोळ. आडवं व्हायचंच असेल तर अर्ध्या तासाचा गजर लावून. संध्याकाळपर्यंत ताणून दिलीत तर रात्री अकराला डोळे टक्क उघडे, कारण घड्याळ आपल्याकडचे साडेसात सांगत असतं. दुसऱ्या दिवशी सातला उठणं म्हणजे आपल्या पहाटे साडेतीनला उठणं, हे आधीच ध्यानात घ्या.

चारच्या आत गिंझा लाइनने असाकुसाला निघा, तिसरं स्टेशन. हा उएनो-असाकुसा तुकडा १९२७ साली सुरू झाला, जपानमधली पहिली भुयारी रेल्वे ती हीच. तिथल्या सेन्सोजी या बौद्ध देवळाचा मुख्य गाभारा पाचला बंद होतो, आवार मात्र खुलं राहतं. मुख्य मंदिर १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आज दिसतं ते १९५८चं. १०० येन टाकून भविष्याची चिठ्ठी काढता येते. 'क्यो' म्हणजे अशुभ निघण्याबद्दल हे देऊळ बदनामच आहे. तशी निघाली तर तिथल्याच तारेला बांधून मोकळं व्हा. पर्समध्ये ठेवून आठवडाभर एकमेकांकडे संशयाने बघत बसू नका. अंधार पडला की दिवे लागतात, गर्दी ओसरते. शिबुया उद्या.

प्रश्न : बायको शाकाहारी, मासेही नाहीत. उतरल्या उतरल्या काय खायचं? (कोल्हापूर)

खरी अडचण दाशीची. वाळवलेल्या, धुरी दिलेल्या बोनिटो माशाचं हे पाणी सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्श्यात, भाजीतही असतं. वरून दिसत नाही, आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नव्हेच. त्यामुळे 'व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही. मांस नको, मासे नको, दाशीही नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा.

पहिल्या दिवशी मात्र प्रयोग नकोत. दशम्या, चटणी, चिवडा हातातल्या बॅगेत असू द्या. आंबे, कढीपत्ता, कोणतीही ताजी भाजी नको, विमानतळावर काढून घेतील. २४ तास उघड्या कोन्बिनी दुकानांत ओनिगिरी म्हणजे नुसत्या मिठाच्या भाताचा मुटका, केळी, दही मिळतं. रात्री गरम जेवण हवंच तर उएनोला लागून असलेल्या ओकाचिमाचीत भारतीय खानावळी आहेत. जपानला जाऊन डाळभात काय खायचा, असं तुम्ही म्हणाल. दमलेल्या माणसाने खावा.

प्रश्न : रोख किती न्यावी? दोघांत एक प्रवासकार्ड चालेल ना? (ठाणे)

नाही चालणार. सुइका कार्ड फाटकावर आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा टेकवायचं असतं. एका कार्डावर एकच माणूस आत जातो, दुसरा बाहेरच राहतो. पर्यटकांसाठीचं वेलकम सुइका २८ दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे थोडे भरा. दोघांना पहिल्या दिवसापुरते २० हजार येन पुरे. पुढे सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढता येतात. टिप द्यायची नाही. ठेवलीत तर विसरलात समजून पोरगा मागे धावत येईल.

प्रश्न : सिम एकाच फोनमध्ये घेणार आहोत. चुकामूक झाली तर? (पुणे)

आमची झाली होती, शिंजुकूतच. 'बाहेर भेटू' एवढंच बोललो होतो. त्या स्टेशनला बाहेर पडायच्या २०० हून जास्त वाटा आहेत. बायको पूर्वेला, मी पश्चिमेला, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. पाऊण तास गेला. त्यानंतर आम्ही कधी एका सिमवर भागवलं नाही. तुम्हीही दोन घ्या, आणि भेटायचं ठिकाण ठरवताना दाराचं नाव बोला. हॉटेलचा जपानीतला पत्ता दोघांच्याही खिशात हवा. तो कोबान म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत दाखवला की नकाशा काढून रस्ता समजावतात.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. गुडघे आणि गोळ्या, दोन्ही बरोबर असणार. (सांगली)

गुडघ्यांसाठी : स्टेशनात लिफ्ट शोधायला वेळ लागला तरी शोधा आणि पहिल्या दिवशी खुशाल टॅक्सी करा. दार आपोआप उघडतं, हात लावू नका. गोळ्यांसाठी : रोजची औषधं महिन्याच्या आतलीच न्या, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. सर्दीच्या गोळ्यांवरचे घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध तिथे बेकायदा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही चालत नाही. आणि पत्रात विचारलंय म्हणून, पाणी तापवायचा रॉड घरीच ठेवा. तिथे वीज १०० व्होल्टची, पिना चपट्या, आणि खोलीत किटली असतेच.