वाचकांचे प्रश्न : लोकरीवर जाऊ नका, हात लावून बघा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही पेनसिल्व्हेनियात थोडी जागा घेऊन चार लामा (उंटाच्या कुळातलं लोकरीचं जनावर) पाळलेत, मुलांची हौस म्हणून. कुंपणापर्यंत हरणं येतात. शेजारी म्हणतो दर महिन्याला आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचं इंजेक्शन द्यायलाच हवं, आणि साताऱ्याचा माझा चुलतभाऊ, त्याच्या शेळ्या आहेत, तो म्हणतो सारखं जंताचं औषध मारलंस तर लागू पडायचंच बंद होईल. कोणाचं ऐकू? चौघंही दिसायला एकदम गुबगुबीत आहेत.

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या जंतांबद्दल बोलतायत. शेजाऱ्याच्या डोक्यात आहे तो हरणांचा मेंदूजंत. तुमच्याकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण हरणाच्या लेंड्यांतून त्याच्या अळ्या बाहेर पडतात, त्या गोगलगाईत शिरतात, गोगलगाय गवताबरोबर लामाच्या पोटात गेली की अळी तिथून थेट मज्जारज्जूकडे निघते आणि मग जनावर मागच्या पायांत लडखडतं, पुढे बसलं की उठत नाही. आयव्हरमेक्टिन अळीला वाटेतच गाठतं, अळी मज्जासंस्थेत पोचल्यावर औषध तिथवर नीट जात नाही, म्हणून तर हा महिन्याचा हिशोब. लडखडताना दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, 'बघू उद्या' नको.

तुमचा भाऊ म्हणतो तो पोटातला, रक्त पिणारा जंत, आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांना होतो तोच. इंजेक्शन ठरलेल्या तारखेला देत राहिलं की हा निगरगट्ट होतो, आणि लामाचा जीव पुष्कळदा हाच घेतो. त्यामुळे हरणांसाठीचं इंजेक्शन चालू ठेवायचं की थंडीत थांबवायचं ते तिथल्या डॉक्टरला विचारून ठरवा, पण लेंड्या मात्र तपासून घ्या, अंडी किती ते मोजून, आणि औषध दिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी परत, म्हणजे लागू पडलं का ते कळतं. एक बरंय, लामा सगळे एकाच जागी लेंड्या टाकतात, ढीग उचलायला सोपं. हरणांना आत येऊ देऊ नका, पाणी साचतं तिथे चारू नका.

आता 'गुबगुबीत', यानेच मला काळजी वाटली. लामाचं काही खरं नसतं हो, ती लोकर असते! आतून हाडं निघालेली असली तरी बाहेरून छान दिसतं. खांद्याच्या जरा मागे पाठीच्या कण्यावर लोकरीत बोटं घाला. दोन्ही बाजूंना उताराचं छप्पर लागलं तर ठीक, कणा टोकदार आणि बाजूला खड्डा लागला तर जनावर वाळलंय, अगदीच सपाट लागलं तर खाणं जास्त होतंय. मग खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालबुंद हवा, फिका गुलाबी किंवा पांढरट असेल तर पोटात रक्तपिते आहेत असं धरून चाला. महिन्यातून एकदा चौघांचं हे करा आणि वहीत लिहून ठेवा. धनुर्वात आणि आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) यांची लस वर्षाला एकदा, नखं दोन-तीन महिन्यांनी.

प्रश्न : टेक्सासहून विचारतेय. बाटलीवर वाढवलेला एकटाच नर लामा आहे, आता वयात आलाय आणि छातीने ढकलतो, माझ्या नवऱ्याला तर खाली पाडलं. लाडाने करतो का?

उत्तर : नाही ताई, लाड नाही, तो तुम्हाला दुसरा नर समजतोय. एकट्याने माणसांत वाढलेल्या नराचं असं होतं. मुलांना त्याच्याजवळ अजिबात जाऊ देऊ नका. खच्ची करून काहींचा जोर कमी होतो, पण खोड जाईलच असं नाही. त्याला मोठ्या लामांमध्ये सोडा, ते बरोबर वठणीवर आणतात, आणि तसंही लामा एकटा ठेवायचा प्राणीच नाही. नराला वयात येताना सहा सुळे येतात, चांगले धारदार, ते डॉक्टरकडून कापून घ्या. तुमच्याकडे ऊन म्हणजे विचारूच नका, तेव्हा उन्हाळ्याआधी लोकर उतरवा. फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचे टक्के यांची बेरीज 150 च्या वर गेली की सावध, 180 ला धोका. पाणी मारायचं ते पोटाला आणि पायांना. पाठीवरची लोकर भिजवली तर आतली उष्णता आतच राहते.

प्रश्न : रत्नागिरीजवळ दोन एकर आहे. व्हिडिओ बघून वाटतंय लामा फार्म काढावं. जमेल?

उत्तर : नका करू. अँडीजच्या थंड, कोरड्या पठारावरचं जनावर ते, कोकणातल्या दमट उकाड्यात त्याचे हालच होतील, आणि परदेशातून जिवंत जनावर आणायला परवाना, क्वारंटाइन सगळं आलंच. त्यापेक्षा कोकण कन्याळ शेळ्या घ्या, त्या पावसातच वाढलेल्या आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा आणि घेताना पीपीआरची (शेळ्यामेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) लस टोचलीय का ते आधी विचारा.