टपालपेटीची किल्ली दोघांकडे

चि.स अनेक आशीर्वाद.

बँकेने दोनदा पाठवलेलं कार्ड तुला एकदाही मिळालं नाही, आणि तुझ्या नावाचं फोडलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात सापडलं. एवढ्यावरून रूममेटला चोर म्हणता येत नाही, पण गप्पही बसता येत नाही. "आपल्याच गावाकडचा, त्याच्या आईला काय वाटेल" म्हणून तू आजवर गिळलंस, ते कळतं. त्याच्या आईची काळजी नंतर करू.

आधी तुझं ईएडी कार्ड, म्हणजे इथे अमेरिकेत काम करायचा परवाना. ते टपालानेच येणार आणि ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर कामाची मिळालेली मुदत, सुरू झाली की नोकरीविना चालणारे ९० दिवस मोजले जातात, कार्ड हातात असो वा नसो. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसलं आणि पेटी रिकामी निघाली, तर बहुधा कार्डाचा अर्ज, आय-७६५, पुन्हा भरायचा आणि फीही पुन्हा. म्हणून आजच यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन कार्यालयाच्या, ऑनलाइन खात्यात टपालाचा पत्ता बदलून आमच्या घरचा दे, 'इन केअर ऑफ'मध्ये माझं नाव घाल. राहता पत्ता आहे तोच ठेव, त्यात लबाडी नको. नुसत्या पोस्टात पत्ता बदलून भागत नाही. यूएससीआयएसचं टपाल पोस्ट नव्या पत्त्यावर पुढे धाडत नाही.

बाकी टपालासाठी पीओ बॉक्स, म्हणजे पोस्टातच भाड्याची पेटी, घे, सगळ्यात लहान पुरे. काउंटरवर कुणी 'होल्ड मेल', म्हणजे टपाल पोस्टातच थांबवून ठेवणं, सुचवलं तर नको म्हण. त्यात सगळ्या घराचं टपाल अडकतं, तेही फार तर ३० दिवस, आणि मग भांडण तुझ्याशीच.

पोस्टाची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' मात्र लगेच सुरू कर. फुकट आहे. येऊ घातलेल्या पाकिटांचे काळेपांढरे फोटो सकाळी ईमेलवर येतात; तुझं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता, सगळं वाचता येतं. फोटो जपून ठेव, पण पाकीट त्याच दिवशी येतंच असं नाही, दोन-तीन दिवस वाट बघ. ही सोयही घराच्या पत्त्यावर चालते, नावावर नाही. त्यानेही नोंदणी केली असेल तर तुझी पाकिटं त्यालाही दिसतात.

मग बोल. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात नको, समोरासमोर, आणि "तू चोरलंस" असंही नको. "माझं टपाल येतंय पण मला मिळत नाहीये. माझ्या नावाचं पाकीट पेटीतच राहू दे. मी पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करतोय." एवढं पुरे. रात्री तेच मेसेजमध्ये लिहून पाठव, म्हणजे नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहणार नाही. पुरावा शोधायला त्याचं कपाट किंवा त्याचं टपाल उघडशील तर फसशील. इथे दुसऱ्याचं टपाल पळवणं हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद, आणि तो कायदा तुलाही लागू आहे.

इन्स्पेक्शन सर्व्हिस म्हणजे टपालाचे गुन्हे तपासणारं खातं. तिथली तक्रार ऑनलाइन होते. ती केल्याने व्हिसाला धक्का लागतो ही मुलांमधली अफवा. चोरी तुझी झालीय, तू केलेली नाहीस. त्याच बैठकीत एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ कर, म्हणजे तुझी नोंद कुलूपबंद. पैसे पडत नाहीत, आणि तुझा सोशल सिक्युरिटी नंबर कुणाच्या हाती लागलाच असेल तरी नव्या कर्जाची वाट बंद होते. तुझ्या नावावर आधीच काही उघडलेलं दिसलं तर लगेच पोलीस आणि 'आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह' ही सरकारी वेबसाइट.

पेटीचं कुलूप बदलायचं म्हणतोस, पण नवी किल्ली घरमालक त्यालाही देणारच. आणि रागाने घर सोडू नकोस. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, दोघांची सही आहे, तू निघालास तरी भाडं चुकत नाही. युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना कायद्याचा मोफत सल्ला मिळतो का विचार, आणि लीज घेऊनच जा.

पत्ता बदलल्याचा स्क्रीनशॉट मला पाठव. माझ्या आडनावाचं स्पेलिंग आमच्या पेटीवर आहे तसंच घाल, आमचा पोस्टमन अनोळखी नावाचं पाकीट सरळ परत नेतो.

तुझी,
काकू