प्रोजेक्ट करून शिकण्याचा मुलांना खरंच फायदा होतो का, की अभ्यास मागे पडतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, शाळेने यंदा प्रोजेक्टवर भर दिलाय आणि या कापाकापी-चिकटवाचिकटवीत पोर्शन मागे पडेल अशी तुम्हाला काळजी वाटतेय. मी पुण्यातच शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते, त्यामुळे वर्गात जे बघते त्यावरून सांगते.

फायदा होतो, भरपूर होतो, पण प्रोजेक्ट करताना मुलं कुठेतरी अडली पाहिजेत. आकडा जुळला नाही आणि का जुळला नाही हे त्यांचं त्यांना शोधावं लागलं, तर खरं शिकणं सुरू होतं. दुकानातून ज्वालामुखीचं रेडिमेड मॉडेल आणलं, बाबांनी रात्री बसून रंगवलं आणि सकाळी शाळेत ठेवलं, तर त्यात मुलीच्या हाताला काहीच लागत नाही, मार्क मात्र मिळतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पर्जन्यमापकाचं उदाहरण देते. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा फनेलसारखा बसवायचा, बुडाला खळगे असतात म्हणून थोडे खडे आणि पाणी घालून तिथे शून्याची रेघ मारायची आणि बाजूला पट्टी चिकटवायची. खर्च जवळपास काहीच नाही. आता मजा बघा, एखादा मुलगा मोठी, रुंद बाटली आणतो आणि म्हणतो माझ्यात पाऊस जास्त पडणार, मग दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी मोठ्या बाटलीत पाणी जास्त असतं पण उंची दोन्हीत सारखीच, आणि वर्गात जो गोंधळ सुरू होतो तो ऐकण्यासारखा असतो. त्या भांडणातून क्षेत्रफळ गुणिले उंची हे मुलांच्या तोंडून येतं, फळ्यावर लिहावं लागत नाही. घनफळाचा धडा आधी सूत्र पाठ करून झालेला असतो, तरी तो समजतो तेव्हाच.

पुढे ती मुलं हवामान खात्यासारखं सकाळी साडेआठला रीडिंग घ्यायला लागतात, आणि पेपरात शिवाजीनगर, पाषाण, लोहगावचे आकडे येतात त्यांच्याशी ताडून बघतात. एकाच दिवशी तिन्ही ठिकाणचे आकडे वेगळे का, झाडाखाली ठेवलेल्या बाटलीत कमी का भरलं, हे प्रश्न मी विचारलेले नसतात. मग गच्चीचा हिशोब निघतो. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी, म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 100 मिमी पडला की 10,000 लिटर, आपल्या सोसायटीत येतो तो एक मोठा टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरातल्या मुलांना हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही, काही जण तर घरी जाऊन सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतात.

हे काही नवीन फॅड नाहीये, आपल्या जिल्ह्यातच मोठं काम झालंय. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कालबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं वेल्डिंग, शेती, माती परीक्षण अशी गावाला खरोखर लागणारी कामं करत शिकतात. काम खरं असलं की मापात गडबड चालत नाही, दरवाजा बसला नाही तर बसला नाही, तिथे अर्धे मार्क नसतात. आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, अरविंद गुप्ता तिथे अनेक वर्षं होते, टाकाऊ वस्तूंची त्यांची खेळणी नेटवर फुकट बघायला मिळतात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन एक चौकोन आणि एक त्रिकोण करायला सांगा. चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. नंतर पत्र्याच्या शेडखालच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, मुलगी आपणहून बघायला लागेल.

पोर्शनचं म्हणाल तर वेळ जातो, हे खरंय. सगळंच प्रोजेक्टने शिकवता येत नाही, पाढे, व्याकरण, गणिताचा सराव हा बसूनच करावा लागतो, आणि साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या बाटलीकडे बघणं शिक्षकालाही जड जातं. म्हणून टर्मला एकच प्रोजेक्ट असला तरी चालेल पण तो पुरेसा लांब चालू दे. शाळा दर आठवड्याला नवीन चार्ट मागत असेल तर पालकसभेत जरूर बोला, तो प्रोजेक्ट नव्हे.

घरी तुम्ही एवढंच करा, ती अडली की लगेच उत्तर देऊ नका, "तुला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" एवढंच विचारा आणि तिला एक वही द्या, रोज काय केलं, काय फसलं, आकडे काय आले ते तिच्या भाषेत लिहू दे. परीक्षेत "कारणे द्या" सोडवताना या वहीचा उपयोग कसा होतो ते तुम्हाला दिसेलच. वस्तू घ्यायला तिला सोबत घेऊन जा, मोटर, एलईडी, वायर वगैरे पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतं, दुकानदाराशी तिलाच बोलू द्या, किती व्होल्टची पाहिजे हे त्याने विचारलं की तिला घरून तयारी करून यावंच लागतं.

आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जमलं तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला न्या, प्रदर्शन कुठल्या दिवशी आहे ते आधी बघून घ्या. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत त्या तर बघण्यासारख्या आहेतच, पण गावोगावच्या शाळांची मुलं स्वतः केलेले प्रयोग मांडून बसलेली असतात, त्यांच्याशी तिला पोटभर बोलू दे, घरी निघायची घाई करू नका.