वॉरंटीतल्या टर्बो गाडीचा रीमॅप केला तर सर्व्हिस सेंटरला कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोक्सवॅगनची १.५ टीएसआय डीएसजी सेदान (टर्बो पेट्रोल इंजिन, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), वॉरंटीची दोन वर्षं शिल्लक. ट्यूनर म्हणतो, स्टेज-१ रीमॅपने, म्हणजे पार्ट न बदलता फक्त इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, १५० पीएसचे १८० होतील आणि टॉर्क (इंजिनची ओढ) २५० चा ३०० न्यूटन मीटर. सर्व्हिसच्या आधी ओरिजिनल फाइल परत टाकून देतो, कोणाला पत्ता लागत नाही. करू का?

पत्ता लागतो. पण समजा नाही लागला, तरी तुमच्या गाडीत अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. आधी पत्ता लागण्याचं बोलू.

ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, जी फाइल असते तिला कॅलिब्रेशन आयडी असतो, आणि त्या फाइलवरून गणित करून काढलेला एक पडताळणी क्रमांक असतो, सीव्हीएन. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला स्कॅनर लावला की हे दोन्ही दिसतात. फाइलमधला एक आकडा जरी बदलला तरी सीव्हीएन बदलतो. ट्यूनर म्हणतो ते इथपर्यंत खरं आहे: ओरिजिनल फाइल टाकली की सीव्हीएनही ओरिजिनल होतो. तो सांगत नाही ती गोष्ट म्हणजे, ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याचा हिशेब बऱ्याच ईसीयूत वेगळा राहतो. कंपनीच्या नोंदीत दोन वेळा आणि गाडीत पाच वेळा असेल, तर मधल्या तीन वेळा काय झालं हे कोणीही विचारेल.

फोक्सवॅगन समूहात तर माणसाने विचारायचीही गरज नाही. डीलरचं निदान यंत्र ऑनलाइन असतं. त्या चेसिस नंबरच्या गाडीत कोणतं सॉफ्टवेअर असायला हवं आणि प्रत्यक्षात कोणतं आहे, हे ते मुख्य सर्व्हरशी ताडून बघतं. जुळलं नाही तर गाडीच्या नावावर ‘टीडी-वन’ असा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फेरफार झाल्याचा, शेरा पडू शकतो. हा शेरा गाडीत नसतो, कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतो. म्हणून घरी येऊन ओरिजिनल फाइल टाकली तरी तो जात नाही, आणि गाव बदलून दुसऱ्या डीलरकडे गेलात तरी तो तिथे आधीच पोचलेला असतो. त्यानंतर इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांचे क्लेम अडतात. एसी, म्युझिक सिस्टिम, सस्पेन्शन यांचा रीमॅपशी संबंध नाही, त्यामुळे ‘सगळी वॉरंटी रद्द’ हेही खरं नाही. पण खर्चाचा डोंगर असतो तो पहिल्या तिघांतच.

‘मग रीमॅप नको, ट्यूनिंग बॉक्स लावतो, सर्व्हिसला काढून ठेवतो,’ असं पुढचं वाक्य असतं. बॉक्स ईसीयूत काही लिहीत नाही हे बरोबर. तो बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल मध्येच अडवून ईसीयूला कमी आकडा सांगतो, ईसीयू बिचारा अजून बूस्ट देतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर इंजिन सुरक्षित आहे त्यालाच आपण खोटं सांगायचं. शिवाय कधी फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) पडला तर त्या क्षणीचं आरपीएम, लोड, तापमान कोडसोबत साठवलं जातं. बॉक्स खिशात असतो, आकडे गाडीत असतात.

आता तुमच्या गाडीची खरी अडचण. तुमच्याकडचा डीएसजी म्हणजे डीक्यू२००: सात गिअर, दोन कोरडे क्लच. त्याची ठरवून दिलेली मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. तुमचं इंजिन कंपनीतून बाहेर पडतानाच २५० देतं. म्हणजे वाटी काठोकाठ भरलेली आहे आणि ट्यूनर वर अजून ५० ओतायचं म्हणतोय. (याच समूहाचा तेलात बुडालेले क्लच असलेला जुना सहा गिअरचा डीएसजी ३५० पर्यंत सहज घेतो, म्हणून परदेशातल्या मोठ्या गाड्यांचे व्हिडिओ बघून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नका.)

बरं, गिअरबॉक्सला किती टॉर्क येतोय हे कळतं कुठून? इंजिनचा ईसीयू सांगतो तेवढाच त्याला कळतो. त्या आकड्यावरून तो क्लच किती जोराने दाबायचा ते ठरवतो. स्वस्तातल्या फाइलमध्ये कधीकधी टॉर्कचं गणितच नीट केलेलं नसतं: इंजिन देतं ३०० आणि गिअरबॉक्सला सांगतं २५०. दाब अपुरा, क्लच घसरतो, तापतो. सुरुवातीला कळतही नाही. चांगला ट्यूनर म्हणूनच इंजिनसोबत गिअरबॉक्सची फाइलही करतो, आणि डीक्यू२०० असेल तर टॉर्क मुद्दाम आवरता ठेवतो. ३०० चा आकडा जो बिनधास्त फेकतो त्याच्याकडे मी गाडी देणार नाही.

घसरणारा क्लच मी स्वतः अनुभवलाय, म्हणून एवढं लिहितोय. माझी आधीची गाडी १.३ लिटर डिझेल हॅचबॅक होती, ७५ पीएसची. २०१६ मध्ये रीमॅप करून घेतला, १८ हजार रुपये गेले. पहिले सहा महिने मी हवेत होतो. दोन हजार आरपीएमच्या खाली जी मरगळ होती ती गेली, हायवेला चौथ्या गिअरमध्ये ओव्हरटेक व्हायला लागलं. मग एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत होतो. चार माणसं, सामान, पुढे उसाचा ट्रक. तिसऱ्यात टाकून पाय दाबला तर आरपीएमचा काटा २२०० वरून ३५०० ला गेला आणि स्पीडोमीटर जागचा हलला नाही. दोन सेकंदांनी जळक्या ब्रेक लायनिंगसारखा वास आत आला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “ट्रकवाल्याचं काहीतरी जळतंय बघ.” मी काही बोललो नाही.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर रीमॅपचा विषयच निघाला नाही. अॅडव्हायजरने शांतपणे सांगितलं, क्लच प्लेट झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत कधीच नव्हती. ४२ हजार किलोमीटरला क्लच गेला हा माझ्या उजव्या पायाचा आणि त्या फाइलचा हिशेब. तेव्हा लक्षात आलं की वॉरंटी वाचवण्याच्या नादात मी वॉरंटीची पुस्तिका वाचलीच नव्हती. तुम्ही आज रात्री वाचा. ‘काय कव्हर नाही’ ते पान आधी.

त्याच डिझेलबद्दल तेव्हा सगळे म्हणायचे, हेच इंजिन ९० पीएसमध्येही येतं, म्हणजे कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलंय. ९० वाल्याचा टर्बोच वेगळा होता, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा. टर्बो इंजिनमध्ये फाइल बदलून ताकद वाढते कारण बूस्ट ईसीयूच्या हातात असतो, साध्या इंजिनमध्ये तेवढा वाव नसतो. पण कंपनीने ठेवलेली फट ही काही विसरून राहिलेली नसते. मे महिन्यातलं नागपूर, पंपावरचं जसं मिळेल तसं पेट्रोल, आणि ऑइल बदलायला तीन महिने उशीर करणारा मालक, या सगळ्यांसाठी ती राखून ठेवलेली असते.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या मॅग्नसन-मॉस कायद्याचा दाखला वाचाल. १९७५ चा तो कायदा म्हणतो, बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्यानेच झाला हे दिसायला हवं. तो तिकडे. आपल्याकडे ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिथेही तुम्ही स्वतः अट मोडल्याची नोंद समोर ठेवली जाणार. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळंच आहे: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूदही त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आली. रस्त्यावरचा हवालदार लॅपटॉप लावत नाही हे मलाही माहीत आहे. मोठ्या अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर लावू शकतो. ‘पीयूसी पास होते, म्हणजे लीगल’ हा युक्तिवाद तर ऐकूच नका. पीयूसी गाडी जागेवर उभी करून होते, बूस्टचा तिथे संबंध येत नाही.

तर करू का? तुमच्या जागी मी असतो तर ही दोन वर्षं नाही. तोवर चांगले टायर घ्या, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघा, डीएसजी ‘एस’ मोडमध्ये चालवा. निम्मी हौस तिथेच भागते. थांबवत नसेलच, तर डीएसजीचे क्लच किंवा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) गेलं तर लाखाच्या पुढेच बिल येतं, तेवढे पैसे बाजूला ठेवून करा आणि टॉर्क किती ठेवणार ते ट्यूनरकडून लिहून घ्या. आणि सर्व्हिसला गाडी देताना जॉबकार्डवर ‘सॉफ्टवेअर अपडेट विचारल्याशिवाय करू नये’ असं लिहायला लावा. एका मित्राची गाडी सर्व्हिसहून आली ती धुऊन, पुसून आणि मोफत अपडेट होऊन. अपडेटमध्ये तीस हजारांची रीमॅपची फाइल पुसली गेली, आणि ती परत द्या असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

माझी सध्याची गाडी एक लिटर टर्बो पेट्रोल आहे, वॉरंटी पुढच्या दिवाळीपर्यंत. ट्यूनरचा नंबर फोनमध्ये आहे. फोन दिवाळीनंतर.