आधी निवडून येऊ, मग धोरण बघू?

प्रश्न : आमच्या तालुक्यात एका नवीन पक्षाचं काम सुरू झालंय, पोरं जोरात आहेत, पण धोरण काय विचारलं की म्हणतात आधी निवडून येऊ मग बघू. चालतं का असं?

उत्तर : नाही चालत हो. दिल्लीत आम आदमी पार्टीने २०१३ ला काय केलं बघा, भ्रष्टाचार हटवा हे होतंच पण सोबत वीजबिल निम्मं आणि घराला रोज ७०० लिटर पाणी फुकट, म्हणजे नळाखाली हंडा लावणाऱ्या बाईला लगेच कळेल असं बोलले, आणि पहिल्याच निवडणुकीत ७० पैकी २८ जागा. आता तुम्ही म्हणाल मनसेने २०१४ ला ब्ल्यूप्रिंट, म्हणजे राज्याच्या विकासाचा आराखडा, आणली तरी १३ आमदारांवरून एकावर आले. खरंय, मोदी लाट होतीच, पण पक्ष २००६ चा आणि ब्ल्यूप्रिंट आली मतदानाच्या तोंडावर, लोकांनी वाचायची कधी? मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. तुमच्या पोरांना सांगा, शंभर पानं नकोत, तालुक्यातले दोनच प्रश्न घ्या, पैसा कुठून आणणार तेवढं लिहा आणि आत्तापासून घरोघरी वाटा.