दुर्गम पाड्यावर सौर मिनिग्रिड (पाड्यापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था) बसवायची आहे. किती किलोवॉटची घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातला चाळीसेक घरांचा पाडा आहे, कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) एकरकमी पैसे मिळतील आणि प्रश्न फक्त किलोवॉटचा उरलाय. मी सह्याद्री-सातपुड्यातल्या अशा पाड्यांवर सौर प्रकल्प उभे करण्याचं आणि नंतर ते चालते ठेवण्याचं काम करतो. किलोवॉटचा हिशोब सोपा आहे, खाली देतो. त्याआधी एक ठरवा: सहा-सात वर्षांनी बॅटरी संपेल, तेव्हा नवी कोणाच्या पैशाने येणार? याचं उत्तर पाड्याकडे नसेल तर पॅनेलची ऑर्डर देऊ नका.

हे इतकं ठामपणे सांगण्याचं कारण बिहारमधलं धरनई. जहानाबाद जिल्ह्यातल्या या गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसने १०० किलोवॉटची मिनिग्रिड उभारली. घरं, दुकानं, रस्त्यावरचे दिवे, शेतीचे पंप, सगळं तिच्यावर. देशभर कौतुक झालं. त्याच वर्षी नीतीशकुमार गावात आले तेव्हा काही लोकांनी त्यांच्याकडे 'असली बिजली', म्हणजे सरकारी तारांची वीज, मागितली. पुढे सरकारी तारा आल्या, त्यांचा दर सौरपेक्षा बराच कमी होता. इकडे बॅटऱ्या थकल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत आणि केंद्र बंद पडलं. यात गावकऱ्यांना नावं ठेवणारे मला भेटतात, मला ते पटत नाही. घरात फ्रिज-टीव्ही असावा असं शहरातल्या माणसाला वाटतं तसंच त्यांनाही वाटलं, आणि ती वीज तेवढं ओझं उचलू शकत नव्हती.

आता किलोवॉट. आपल्याकडे १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या पुण्याच्या कंपनीने बॉशच्या अर्थसाहाय्यातून ३९ घरांसाठी ९.४ किलोवॉटचा प्रकल्प केला. ४ युनिटांचा हिशोब त्याला लावला तर रोजचे ३७-३८ युनिट होतात. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये जातं ते वजा केलं की घरटी पाऊण युनिटच्या आसपास राहतं. तेवढ्यात चार-पाच एलईडी दिवे, कमी वॉटचा एक पंखा, छोटा टीव्ही आणि मोबाइल आरामात चालतात. पण हा झाला उन्हाचा दिवस. तुम्ही हिशोब जुलै-ऑगस्टच्या आभाळावर करा, कारण लोकांना वीज आठवते ती पावसातल्या रात्री. आणि दरेवाडीतून किलोवॉटचा आकडा उचलण्याआधी तिथली व्यवस्था बघा: पहिल्यापासून घरोघरी मीटर, महिन्याचं बिल आणि कारभार गावकऱ्यांच्याच न्यासाकडे.

बॅटरीच्या पैशांचं गणित पाड्याच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, खडूने मांडा. समजा बॅटरी चार लाखांची आहे आणि सहा वर्षं टिकते. ७२ महिने, ४० घरं. घरटी महिन्याला सुमारे १३९ रुपये निव्वळ बॅटरीसाठी झाले. देखभाल करणाऱ्याचं मानधन वेगळं. आकडा ऐकून बैठक गप्प होईल, होऊ द्या. दानशूर कंपनीचा प्रतिनिधी मध्येच उठून "पहिली दोन वर्षं फुकट" म्हणाला तर त्याला थांबवा. फुकट सुरू झालेल्या विजेचं बिल नंतर कोणी भरत नाही, हे मी एकाहून जास्त पाड्यांवर पाहिलंय.

शिवाय तुमच्या भागात दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातो तो होळीला परततो. तेवढे महिने घरं कुलूपबंद. म्हणून नुसत्या युनिटवर दर ठेवला तर हिवाळ्यात पेटीत काहीच पडत नाही. ठरावीक मासिक आकार ठेवा आणि लोक कामाला निघण्याआधी, आगाऊ उचल हातात असताना, तो भरून घ्या. देखभालीसाठी माणूस निवडतानाही हाच विचार करा. आयटीआय झालेला हुशार पोरगा सगळ्यांना आवडतो, पण तोच सगळ्यात आधी सुरतला जातो. बारा महिने पाड्यावर राहणारी, बचत गटाचा हिशोब ठेवणारी एखादी बाई शिकवा. मीटर वाचणं, पॅनेल पुसणं, इन्व्हर्टरवरचा एरर फोटो काढून पाठवणं तिला महिन्याभरात जमतं.

एका पाड्यावर रोज संध्याकाळी आठला सगळीकडे अंधार व्हायचा. इन्व्हर्टर ठीक, तारा ठीक. शेवटी घरोघर फिरलो तेव्हा एका घरात कॉइलची शेगडी सापडली, दीड-दोन हजार वॉटची. लाकडं ओली, पोरं भुकेली, त्या घरच्या बाईने शेगडी लावली तर तिला काय बोलणार? तेव्हापासून प्रत्येक घराला लोड लिमिटर, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की ती तोडणारं यंत्र, बसवतो. शेगडी लावली तर फक्त त्याच घराची वीज जाते, शेजाऱ्यांशी भांडण होत नाही.

दिवसाची वीज वाया घालवू नका. दुपारी बॅटरी भरल्यावर पॅनेलची क्षमता तशीच पडून राहते आणि तीच सगळ्यात स्वस्त वीज असते, कारण तिला बॅटरी लागत नाही. बायकांना विचारलंत तर बहुतेक पहिलं उत्तर पिठाच्या गिरणीचं येईल, ज्वारी-मक्याचं दळण डोक्यावर घेऊन डोंगर उतरावा लागतो म्हणून. गिरणी जरूर घ्या, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. छोट्या इन्व्हर्टरवर ती थेट जोडली तर सगळं ट्रिप होतं. मोटर हळूहळू सुरू करणारं व्हीएफडी हे उपकरण लावा आणि दळणाची वेळ अकरा ते तीन ठेवा. गिरणीची कमाई बॅटरीच्या खात्यात गेली तर वरचे १३९ रुपये खाली येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात निर्मिती आणि वितरण करायला परवाना लागत नाही. जागा वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली सरकारी व्यवस्थापनातल्या ज्या सोयींसाठी ती देता येते, त्यांत विजेच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जा दोन्ही येतात. मर्यादा एक हेक्टरच्या आतली आणि ग्रामसभेची शिफारस लागते. खांब आणि तारा महावितरणच्या मापानेच टाका, म्हणजे उद्या त्यांची लाइन आली तर तुमचं जाळं भंगारात जाणार नाही. लाइन कधी येणार, हे उपविभागीय कार्यालयाकडून लेखी घ्या.

आणि घरं किती पसरलेली आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. तुमच्याकडे बरीच घरं आपापल्या शेतात, वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. दोन घरांत दोनशे-तीनशे मीटर अंतर असेल तर पॅनेलपेक्षा तारांनाच जास्त पैसे लागतील आणि टोकाच्या घराला व्होल्टेज मिळणार नाही. मग घरोघरी २००-३०० वॉटचे स्वतंत्र सौर संच द्या आणि शाळा-अंगणवाडी-गिरणीपुरती छोटी ग्रिड करा. हातनकाशा काढून, घरांमधली अंतरं पावलांनी मोजून इथे टाकलीत तर दोन्हींपैकी काय बसतं ते सांगता येईल.